वायरलेस चोर अलार्म: दहा-बारा हजारांत काय घ्यायचं, काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात पाचगाव रोडला खाली-वर मिळून चार खोल्यांचं रो-हाऊस. नवरा-बायको दोघंही नोकरीला, सासूबाई महिन्यातले काही दिवस गावाकडे. शेजारच्या कॉलनीत भरदिवसा कडीकोयंडा उचकटून घर फोडल्यावर धास्ती बसली आहे. बजेट दहा-बारा हजार. भिंती फोडून वायरिंग नको. ऑनलाईन एक किट साडेचार हजारांत दिसतंय, त्यावर '99 झोन, जीएसएम, वायफाय, आठ सेन्सर' असं लिहिलंय. ते घ्यावं, की अमेरिकेतला भाऊ तिकडून आणतो म्हणतोय ते?

ताई, भावाचा विषय आधी संपवतो. तिकडचा माल वाईट नसतो, पण तो तिकडच्या व्यवस्थेसाठी बनवलेला असतो. त्यातले काही सेन्सर 345 किंवा 915 मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे अशा उपकरणांना विनापरवाना वापरायला घरातल्या घरात 433, नाहीतर 865 ते 868 मेगाहर्ट्झ आणि 2.4 गिगाहर्ट्झ हे पट्टे मोकळे आहेत. शिवाय दरमहा पैसे भरून जे मॉनिटरिंग सेंटर तिथं मिळतं ते इथं नाही, आणि ते वजा केलं की अर्धं किट नुसतं खोकं उरतं. एक सेन्सर बिघडला तर दुसऱ्यासाठी भाऊ पुढच्या दिवाळीला यायची वाट बघायची. त्याला सांगा, आणायचंच असेल तर दुसरं काहीतरी आण.

आता साडेचार हजारांचं किट. दुकानात किंवा यूट्यूबवर न वाजणारा अलार्म मी अजून बघितलेला नाही. दार उघडलं की सायरन कोकलतो, मोबाईलवर मेसेज येतो, गिऱ्हाईक खूश. खरा प्रश्न पुढच्या पावसाळ्यानंतरचा आहे. तेव्हा त्यातला एखादा सेन्सर मेलेला असेल, तर ते तुम्हाला कोण सांगणार?

स्वस्त किटमधला दाराचा सेन्सर एकाच दिशेनं बोलतो. दार उघडलं की 433 मेगाहर्ट्झवर आपला एक ठरलेला नंबर फेकतो आणि झोपी जातो. पॅनेलला, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप घेणाऱ्या मुख्य डब्याला, तो पोचला का, हे त्याला कळत नाही. उलट पॅनेललाही हा सेन्सर जिवंत आहे का ते कळत नाही. म्हणजे 'घरात सगळं ठीक आहे' आणि 'सेन्सरची बॅटरी संपली आहे' या दोन्ही गोष्टी पॅनेलला सारख्याच दिसतात: शांतता. रुईकर कॉलनीतल्या एका घरी असंच किट बघायला बोलावलं होतं, वाढीव सेन्सर बसवायचे म्हणून. मागच्या दाराचा सेन्सर उघडला, तर आतली 12 व्होल्टची छोटी बॅटरी पार उतरलेली, टोकाला पांढरी बुरशीसारखी पूड. घरमालक म्हणाले, "पण पॅनेलवर दिवा तर हिरवाच हाय की." हिरवा असणारच. तो दिवा पॅनेलला वीज मिळते एवढंच सांगत होता, आणि ती मिळत होती.

म्हणून किट निवडताना झोनची, म्हणजे सेन्सर जोडायच्या जागांची, संख्या, रंगीत स्क्रीन, सोबत फुकट मिळणारे चार रिमोट हे सगळं बाजूला ठेवा. स्वतः बंद पडतोय हे जो अलार्म स्वतःहून सांगतो तो घ्या. धंद्यात याला सुपरव्हिजन म्हणतात: प्रत्येक सेन्सर ठरावीक वेळानं 'मी आहे' असा निरोप पॅनेलला देतो, तो आला नाही की पॅनेल तक्रार करतं. सेन्सरचं झाकण कोणी उघडलं तरी कळतं, बॅटरी कमी झाली तरी कळतं. दोन्ही बाजूंनी बोलणारे सेन्सर असले की हे बहुधा सोबत येतं. झिग्बी या कमी विजेच्या वायरलेस पद्धतीवर चालणाऱ्या सेन्सरमध्येही बरंचसं मिळतं, फक्त सेन्सर 'ऑफलाईन' दाखवायला काही तास लागतात. 433 वाल्या काही पॅनेलमध्येही ही सोय असते, पण खोक्यावर ती लिहिलेली नसते, विचारावी लागते. दुकानदाराला 'सेन्सर लॉस्ट झाल्यावर मेसेज येतो का?' असं विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही तर पुढच्या दुकानात जा.

ऑनलाईन घेतलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत घरी या परीक्षा घ्या. स्क्रू मारायच्या आधी, सगळं टेबलावर मांडून.

पहिली: एका सेन्सरची बॅटरी काढून ठेवा आणि रात्रभर वाट बघा. सकाळपर्यंत पॅनेलनं किंवा अ‍ॅपनं हाक मारली पाहिजे. दुसरी: पॅनेलचा अ‍ॅडॅप्टर काढा. 'वीज गेली' असा मेसेज यायला हवा, आणि संध्याकाळी काढलेला अ‍ॅडॅप्टर सकाळी लावेपर्यंत पॅनेल जागं असायला हवं. तिसरी: वायफायचा राऊटर बंद करून दार उघडा. सायरन वाजलाच पाहिजे. बरीच 'स्मार्ट' किट इथं उताणी पडतात, कारण दार उघडल्याचा निरोप आधी इंटरनेटवरून परदेशातल्या सर्व्हरला जातो आणि तिथून 'सायरन वाजव' असा हुकूम परत येतो. नेट गेलं की सायरन मुका. चौथी: पॅनेल जिथं लावणार तिथं ठेवून सगळ्यात लांबचा सेन्सर हलवून बघा, तुमच्या बाबतीत गच्चीच्या दाराचा. खोक्यावर 100 मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. मध्ये एक स्लॅब, एक लोखंडी कपाट आणि जिन्यावरचा पत्रा आला की गणित बदलतं. पेठेतल्या जुन्या घरांत तर हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती असतात, तिथं 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा 433 किंवा 866 च्या आसपासची लहर बरी पोचते.

या चारांत जे उत्तीर्ण होईल ते घ्या, कंपनी कुठलीही असो.

सिमकार्डावर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त पैसे इथं वाया जाताना बघतो. खोक्यावर नुसतं 'जीएसएम' असेल तर ते पॅनेल 2जी वर चालतं असं समजा. त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओकडे 2जी नाहीच. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं चालेल, पण 2जी किती वर्षं राहील यावर मी माझे पैसे लावणार नाही. 4जी पॅनेल घ्या. त्यातही एक मेख आहे: काही 4जी पॅनेलवरून फक्त डेटा जातो, आवाजी कॉल जात नाही. रात्री अडीचला अ‍ॅपची टिंगटिंग कोणाला ऐकू येते? फोन वाजला तरच माणूस उठतो. त्यामुळे तुमचं सिम घालून प्रत्यक्ष कॉल येतो का ते बघा. नंतर रिचार्ज. अलार्मचं सिम कोणाच्या हातात नसतं, म्हणून ते विसरलं जातं. पॅकची मुदत संपली की आउटगोइंग बंद, आणि वापर नसलेला नंबर 90 दिवसांनंतर काढून घेतला जाऊ शकतो. ट्राय या दूरसंचार नियामकानं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना डेटाशिवाय फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितलं, मुदत 365 दिवसांपर्यंत. तुमच्या कंपनीचा असा वर्षाचा पॅक बघून टाका आणि संपायची तारीख स्वतःच्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये घाला.

नुसत्या वायफायवर विसंबणं कोल्हापुरात तरी जमत नाही. राऊटरला छोटा यूपीएस लावला तरी गल्लीतली वीज गेली की केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्याची बॅटरी तासाभरात मान टाकते, आणि तुमचा राऊटर जागा राहूनही नेट नसतं. वायफाय असू दे, पण जोडीला सिम हवंच.

विजेचं आणखी एक. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा कडकडाटात हलके अ‍ॅडॅप्टर उडतात. टीव्ही उडाला तर लगेच कळतं. अलार्मचा उडाला तर पॅनेल आतल्या बॅटरीवर चालत राहतं आणि ती संपली की निमूट झोपतं. 'वीज गेली'चा मेसेज मागा म्हटलं ते यासाठी. अ‍ॅडॅप्टर स्पाइक गार्डमधून लावा. बॅटरीच्या बाबतीत जुन्या धाटणीचं पॅनेल, ज्यात 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी बसते, दीड-दोन दिवस आरामात तग धरतं. दिसायला ओबडधोबड असतं, पण मला ते आवडतं. नव्या चपट्या पॅनेलमध्ये लहानशी लिथियम बॅटरी असते, तिच्यावर छापलेल्या तासांना मान देऊ नका. रात्रभराची परीक्षा घ्या.

आता सेन्सर कुठं. आठ सेन्सरची गरज नाही, पाच पुरतात, पण जागा नेमक्या हव्यात. रो-हाऊसमध्ये सगळे पुढच्या दाराकडे बघतात. तुमच्या ओळीतल्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या असणार. ओळीतलं एक घर रिकामं असलं की तिथून चढून कोणीही तुमच्या गच्चीवर येतो, आणि गच्चीचं दार म्हणजे बहुतेक ठिकाणी साधं फ्लश डोअर, आतून एक कडी. पहिला सेन्सर तिथं. दुसरा पुढच्या दाराला, तिसरा परसातल्या दाराला. खिडक्यांना ग्रील असेल तर त्यांना सेन्सर लावण्यात पैसे घालू नका. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी मात्र मोठी असेल तर तिला आधी लोखंडी जाळी.

दाराचा सेन्सर म्हणजे चौकटीवर एक तुकडा आणि दारावर लोहचुंबकाचा दुसरा. दोघांत एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. आपल्याकडे दोन गोष्टी आडव्या येतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, नीट बसत नाही, फट वाढते आणि अलार्म लावताना 'दार उघडं आहे' असं पॅनेल सांगत राहतं. मग लोक कंटाळून तो झोनच बंद करून टाकतात. म्हणून बसवताना फट कमीत कमी ठेवा. दुसरं, लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबकाचा जोर मार खातो. मध्ये प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी घाला, नाहीतर शटरसाठी मिळतो तो जाडजूड सेन्सर वापरा. सोबत आलेल्या दुहेरी टेपवर भरवसा नको. दमट हवेत ती सुटते आणि रात्री तीनला सेन्सर खाली पडून सगळी गल्ली उठते. स्क्रू मारा.

आत पीआयआर सेन्सर दोन पुरेत, हालचाल ओळखणारे. एक खालच्या हॉलमध्ये, एक वर जिना संपतो तिथं, जेणेकरून तिजोरीच्या कपाटाकडे जाणारा त्याच्या समोरून आडवा जाईल. हा सेन्सर शरीराच्या उष्णतेतला बदल बघतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला चटकन दिसतो. कोपऱ्यात, साधारण दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर लावा. खिडकीच्या उन्हाकडे, फ्रिजच्या मागच्या बाजूकडे, पंख्यानं हलणाऱ्या पडद्याकडे त्याचं तोंड नको. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, त्यामुळे खिडकीतून बाहेर पहारा देईल अशी आशा ठेवू नका. एप्रिलमध्ये पत्र्याखालची बंद खोली 36-37 अंशांवर गेली की माणसाच्या अंगाची उष्णता आणि खोलीची यांत फरकच उरत नाही, आणि हलका सेन्सर आंधळा होतो. वर पत्रा असेल तर तापमानाची भरपाई करणारा पीआयआर मागा, किंवा त्या खोलीच्या दारालाच चुंबकाचा सेन्सर लावा.

आणि पाल. खोट्या अलार्मच्या तक्रारींत पालीचा वाटा मोठा आहे. पाल थंड रक्ताची, लांबून ती सेन्सरला दिसतही नाही. पण ती थेट भिंगावरून चालत गेली की सेन्सरच्या दृष्टीनं समोरचं सगळं दृश्य एकदम बदलतं. मग रात्री दोनला सायरन. ट्यूबलाईटजवळ किडे, किड्यांमागे पाल, म्हणून ट्यूबच्या आसपास पीआयआर लावायचा नाही. मागच्या बाजूला स्क्रूची किंवा वायरची भोकं असतात ती सिलिकॉननं बंद करायची, नाहीतर मुंग्या आत घर करतात. मला फोन आला की माझा पहिला प्रश्न 'ट्यूब कुठं आहे?' हा असतो. घरी मांजर असेल तर 'पेट इम्यून', म्हणजे लहान प्राण्यांकडे दुर्लक्ष करणारा, सेन्सर घ्या, पण कपाटावर उडी मारणाऱ्या मांजरापुढे त्याचाही इलाज चालत नाही.

खोट्या अलार्मवर एवढं बोलतोय कारण चार वेळा उगाच वाजला की पाचव्या वेळी शेजारी उठत नाही, आणि तुम्ही स्वतः तो लावायचं सोडून देता.

सायरन दोन हवेत: एक आत, एक बाहेर उंचावर, शिडीशिवाय हात न पोचणारा, झाकण उघडलं तरी वाजणारा. किटमधला भोंगा बहुधा आतल्यापुरताच असतो. बाहेरचा सायरन वायरनं जोडायची तयारी असेल तर तेवढी एकच वायर न्या, खिडकीच्या फटीतून जाते. सायरनला वीज भरपूर लागते, बॅटरीवरचा वायरलेस सायरन लवकर दमतो. तीनएक मिनिटांनी आपोआप बंद होईल असं सेटिंग ठेवा. पॅनेल दारासमोर लावू नका. आत शिरणाऱ्याला ते दिसलं की तो पहिला घाव त्यावरच घालणार.

सिग्नल जाम करून चोरी होईल का, असं लोक व्हिडिओ बघून विचारतात. इथले चोर कटावणी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतात, तेवढी यातायात ते करत नाहीत. पण ठरलेल्या नंबरवर चालणाऱ्या रिमोटची कॉपी करून देणारे रिमोट बाजारात उघड मिळतात, गेटसाठी म्हणून. तेव्हा असं किट असेल तर अलार्म बंद करण्यासाठी रिमोट न वापरता कीपॅड किंवा अ‍ॅप वापरा, आणि कारखान्यातून आलेला 1234 सारखा कोड त्याच दिवशी बदला.

वाजल्यावर येणार कोण, हे ठरवल्याशिवाय अलार्म बसवू नका. पॅनेलमध्ये नंबर घालायचा क्रम असा: तुमचा, यजमानांचा, मग दोन शेजारी, त्यातला एक दिवसभर घरी असणारा. तालीम किंवा मंडळातली पोरं गल्लीत असतील तर त्यांतल्या एका जबाबदार मुलाचा नंबर घ्या, सायरनला सगळ्यात आधी तीच धावतात. 112 नंबर ऑटो-डायलमध्ये घालायचा नाही. शेजाऱ्यानं बघून खात्री केली की तो माणूस 112 ला फोन करेल. बाहेरूनच बघायचं, आत जायचं नाही, हेही त्यांना सांगून ठेवा. चार दिवस गावाला जाणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून जा, गस्तीच्या वेळी नजर टाकतात.

पैशाची वाटणी. सगळ्यात आधी हजार-दीड हजार काढून गच्चीच्या आणि परसातल्या दाराला आतून आडवी पट्टी आणि पुढच्या दाराला चांगलं आतलं कुलूप बसवा. बाहेरून दिसणारं मोठं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. सुपरव्हिजनवालं 4जी आणि वायफाय पॅनेल साधारण पाच-सहा हजारांपर्यंत, दाराचे तीन सेन्सर मिळून दोन-अडीच हजार, एक पीआयआर हजाराच्या आसपास, बाहेरचा सायरन दीड हजार. दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होईल. हात आखडला तर दुसरा पीआयआर पुढच्या महिन्यात घ्या, पॅनेलमध्ये तडजोड करू नका. सेन्सर नंतर वाढवता येतात. घेतानाच तोच सेन्सर सुटा मिळतो का, बॅटरी कुठल्या नंबरची लागते आणि ती राजारामपुरी-शाहूपुरीत सहज मिळते का, हे बघून घ्या.

कॅमेऱ्याबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. कॅमेरा काय झालं ते दाखवतो, तेही चोरानं चित्रीकरण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, नेला नाही तर. आधी अलार्म, मग कॅमेरा. सोनं मात्र लॉकरमध्येच. घराचा विमा असेल तर कागद वाचा: 2021 पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग-पुरासारख्या घटनेनंतर 7 दिवसांत झालेली चोरी येते, एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. तुम्ही उंचावर आहात, पण दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथल्यांनी लक्षात ठेवावं: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडे जाऊन घर सोडायची वेळ आली की वीज कित्येक दिवस येत नाही. कुठलाही घरगुती अलार्म तेवढे दिवस तग धरत नाही. दागिने आणि कागद सोबतच न्यावेत.

राहिल्या सासूबाई. त्या एकट्या असतील तेव्हा 'होम' मोड लावा, म्हणजे दारं जागी आणि आतले पीआयआर झोपलेले. त्या बिनधास्त घरात फिरतील. पुढच्या दाराला आत आल्यावर 30 सेकंदांची सवलत ठेवा, गच्चीच्या आणि मागच्या दाराला शून्य. त्यांना अ‍ॅप शिकवत बसू नका. एक पॅनिक बटण पलंगाच्या उशाशी लावा आणि ते दाबल्यावर कसा आवाज होतो हे दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना आधी सांगून, एकदा त्यांच्याच हातानं वाजवून घ्या.